चालू यंत्र सोडून जाऊ नये

बिबवेवाडी, पुणे
२५ मे २००५

चि. चैताली,

जय भीम.

तुझं पत्र मिळालं. चार पानं. त्यातली साडेतीन हैदराबादची हवा, हॉस्टेलची भाजी आणि ऑफिसच्या लिफ्टबद्दल. शेवटच्या अर्ध्या पानात, घाईघाईत, ‘काका, मला अवधूतशी लग्न करायचंय, तो आपल्या समाजातला नाही, नारायण पेठेतला आहे, तुमचं काय म्हणणं?’ मुद्दा आधी लिहावा, हे तुला शाळेत होतीस तेव्हापासून सांगतोय. तुझा बाप गेल्यावर तुला वाढवलं मी, पण अक्षर आणि आडवळण दोन्ही त्याचंच घेतलंस.

आता आमच्याकडची बातमी. बुद्ध जयंतीच्या मुहूर्तावर आपल्या ‘मैत्री वधू-वर सूचक मंडळा’ची वेबसाइट सुरू झाली. स्वारगेटच्या क्लासमध्ये मी ज्येष्ठ नागरिकांचा कोर्स केला ते तुला माहीत आहेच. तिथले सौरभसर घरी येऊन आपल्या कॉम्प्युटरवर सर्व्हरचा प्रोग्रॅम घालून गेले आणि दुसऱ्याच दिवशी नोकरीला बंगळुरूला गेले. साइट आपल्याच घरात, मधल्या खोलीत आहे. लोकांच्या मुलींचे फोटो परक्याच्या कपाटात ठेवायला मी तयार नाही. तुझ्या काकूचं शिलाई मशीन त्यासाठी व्हरांड्यात हलवावं लागलं. त्या दिवसापासून ती त्या खोलीत पाय ठेवत नाही. चहाही दारातूनच पुढे करते.

तुझ्या लग्नाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते मी साइटच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे. वाच आणि कळव. पत्ता असा: सी ड्राइव्ह, माय डॉक्युमेंट्स, मंडळ, पहिलं पान.

तुझा काका,
महिपती


हैदराबाद
१ जून २००५

ती. काकांस,
जय भीम, सा. न.

मुद्दा आधी लिहिते. पान दिसत नाही.

काका, तुम्ही दिलेला पत्ता हा तुमच्या घरातल्या कपाटाचा आहे. ‘वरून दुसरा कप्पा, साड्यांच्या मागे’ असं मला लिहिलंत तर मी हैदराबादहून त्यात हात घालू शकेन का? तुम्हाला पान दिसतं, कारण तुम्ही कपाटासमोर बसलाय. सर्व्हरचं काम असतं बाहेरच्या माणसाला ते कपाटातून काढून दाखवायचं. त्यासाठी मला तुमच्या कनेक्शनचा नंबर लागेल. तो कसा बघायचा ते मागच्या पानावर चित्र काढून दिलंय.

आणि खरं सांगू का, मला एवढा दम नाही. जीव टांगणीला लागलाय. तुम्ही काय लिहिलंय ते सरळ पत्रातच लिहा ना! हो तर हो, नाही तर नाही. तुमच्या ‘नाही’वर मी लग्न करणार नाही, हे अवधूतला आधीच सांगितलंय. तो बिचारा रोज विचारतो, ‘पान उघडलं का?’ ऑफिसात लग्नाच्या सगळ्या साइट बंद करून टाकल्यात, लोक काम सोडून स्थळं बघायचे. म्हणून संध्याकाळी आठनंतर कोपऱ्यावरच्या नेटकॅफेत जाऊन बघते.

काकूला सांगा, मशीनबद्दल मी तिच्या बाजूने आहे.

तुमची,
चैताली


बिबवेवाडी
८ जून २००५

चि. चैताली,

सूचनेप्रमाणे नंबर काढला. चार आकड्यांचा संच आहे, सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे. दोनदा पडताळला. रंगनाथलाही दाखवला. तुला आठवत असेल, कारखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर होता तो रंगनाथ. आता आपल्याच गल्लीत राहतो.

तू लिहितेस, पत्रातच लिहा. लिहिणार नाही. असली गोष्ट बंद पाकिटात सांगायची नसते. जे म्हणायचं ते चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असं म्हणायचं, म्हणून ते तिथे लिहिलं. आणि एकदा लिहिलेलं पुन्हा लिहिलं की पहिल्याचं वजन जातं.

फोनचंही तेच. कारखान्याच्या आवाजाने कान गेले. फोनवर तू ‘सर्व्हर’ म्हणतेस आणि मला ‘सरबत’ ऐकू येतं. ई-मेलखाली सही नसते. चौतीस वर्षं दारूगोळ्याच्या कारखान्यात काढली. तोंडी आदेशावर तिथे कोणी खिळासुद्धा ठोकत नसे. जे सांगायचं ते कागदावर, सहीनिशी. मी अक्षरशः अंमल करीन.

पान मला रोज स्पष्ट दिसतं. तेव्हा दोष आमच्या बाजूला नसावा.

तुझा काका,
महिपती


हैदराबाद
१५ जून २००५

ती. काकांस,
जय भीम, सा. न.

चिठ्ठी मिळाली. नंबर अगदी बरोबर होता, काका. फक्त तुम्ही लिहिलात त्या दिवशी. टेलिफोनवाले तो नंबर दर वेळी बदलतात. कनेक्शन तुटून जोडलं की नवा. तुमचं पत्र सोलापूर रोडवर असतानाच तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलेला असणार. मी टाकून बघितला तर कुठलंच पान आलं नाही. कॅफेवाला विचारतो, ‘मॅडम, रिझल्ट आहे का?’ म्हटलं, तसंच समजा.

यावर उपाय आहे. मी इथून साइटसाठी एक कायमचं नाव घेतलंय. सोबतच्या सीडीतला छोटा प्रोग्रॅम चालवा, म्हणजे नंबर बदलला की तो स्वतःच त्या नावाला कळवत राहील. माणसाने घर बदललं तरी पोस्टमनला सांगून ठेवतो ना, तसं.

दुसरं. टेलिफोनवाल्यांनी जो दिवे लुकलुकणारा डबा दिलाय, तो बाहेरून आलेल्या सगळ्यांना दारातूनच परत पाठवतो. त्याला सांगावं लागतं की ऐंशी नंबरच्या दाराने येणाऱ्याला आपल्या कॉम्प्युटरकडे सोड. फक्त ऐंशी. बाकी सगळी दारं बंदच राहू देत. कुठे काय दाबायचं ते दोन पानं लिहिलंय, खाली सही केली आहे.

काकूला फोनवर विचारलं, काकांनी काय लिहिलंय गं? ती म्हणाली, ‘मी त्या खोलीत जात नाही. जाईन तेव्हा आधी शिलाई मशीन जाईल.’ तुम्ही दोघं मिळून माझा जीव घेणार आहात.

आणि अवधूतच्या बाबांचा, यज्ञेश्वररावांचा निरोप आहे. ते निवृत्त शिक्षक आहेत. १७ जुलैला, रविवारी, तुम्ही आणि काकूने त्यांच्याकडे चहाला यावं, बोलणी करावीत. याल ना?

तुमची,
चैताली


बिबवेवाडी
२२ जून २००५

चि. चैताली,

पत्र वाचून समाधान झालं. पहिल्यांदाच तू काहीतरी नीट समजावून सांगितलंस. गेटचं मला कळतं. कारखान्यात प्रत्येक गेटला नंबर, प्रत्येक गेटवर माणूस, आणि पासाशिवाय आत मुंगी नाही. आपण आता ऐंशी नंबरचं गेट उघडलं आहे. बाकीची बंद आहेत ना, हे रंगनाथने आणि मी एकेक करून बघितलं. सीडीतला प्रोग्रॅमही चालवला.

यंत्राची काळजी करू नकोस, नियमाने वापरतो. सकाळी अकराला बसतो, एकला उठतो. पुन्हा चार ते सहा. उठताना दर वेळी मेन स्विच पाडूनच उठतो. संध्याकाळी विहारात वंदनेला जातो, तेव्हा खोलीत एक दिवासुद्धा लुकलुकत नसतो. कारखान्यात आमच्या डोक्यावर पाटी होती: ‘चालू यंत्र सोडून जाऊ नये.’ रंगनाथची दोन बोटं ज्या दिवशी गेली त्या दिवशी ती पाटी कोणीतरी दुसऱ्याने वाचली नव्हती. मी तो नियम एकदाही मोडला नाही. निवृत्त होताना त्यांनी विचारलं, ‘आठवण म्हणून काय हवं?’ मी ती पाटी मागून आणली. आता मधल्या खोलीत, कॉम्प्युटरच्या वर आहे.

१७ जुलैचं ठीक आहे.

आता तरी तू पान वाचलं असशील. महिना होत आला, तुझा एक चकार शब्द नाही. माणूस काही लिहितो ते समोरच्याने वाचावं म्हणून. असो.

तुझा काका,
महिपती


हैदराबाद
२९ जून २००५

ती. काकांस,
जय भीम, सा. न.

अहो काका! सर्व्हर बंद करता?

मी कपाळावर हात मारून घेतला. कॅफेवाला धावत आला, त्याला वाटलं काहीतरी वाईट झालं. मी महिनाभर रोज आठनंतर तुमचं दार वाजवतेय, आणि तुम्ही सहालाच मेन स्विच पाडून विहारात! मी इथे केबलला दोष दिला, टेलिफोनवाल्यांना दोष दिला. अवधूत तर म्हणाला, ‘पुण्यातला सर्व्हर आहे, दुपारी एक ते चार झोपत असेल.’ मी त्याला झापलं. आता माफी मागावी लागेल.

तरी चांगली बातमी ऐका. शनिवारी दुपारी साडेचारला मुद्दाम जाऊन बघितलं आणि दार उघडलं! तुमचं ऐंशी नंबरचं गेट चोख आहे. पण आत तुमचं पान नव्हतं. एक कोरं इंग्रजी पान होतं, त्यात लिहिलं होतं: ‘हे पान तुम्हाला दिसत आहे, याचा अर्थ सर्व्हर नीट बसवलेला आहे.’ माझ्या लग्नाबद्दल सर्व्हरचं एवढंच मत पडलं.

ते प्रोग्रॅमचं स्वतःचं नमुन्याचं पान आहे. तुमचं पान तुमच्या फोल्डरमध्ये आहे आणि सर्व्हर ताटात वाढतोय त्याच्या स्वतःच्या फोल्डरमधलं. सोबत लिहिलेली एक ओळ बदला, म्हणजे तो ‘मंडळ’ फोल्डरमधलं वाढेल.

आणि आता आदेश.

सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवावा. कोणत्याही कारणाने बंद करू नये.

(सही) चैताली

रागावू नका. खूप हसले, आणि खूप दिवसांनी हसले. १७ तारखेची वाट बघतेय. मी आदल्या रात्रीच्या बसने येते.

तुमची,
चैताली


बिबवेवाडी
५ जुलै २००५

चि. चैताली,

आदेश मिळाला. ओळ बदलली. अंमल त्याच क्षणापासून सुरू आहे.

१७ तारखेची बैठक होऊ शकत नाही. यज्ञेश्वररावांना तसं कळवावं. मला घर सोडता येत नाही. कारण तुला माहीत आहे.

महिपती


हैदराबाद
१० जुलै २००५

प्रिय काकू,

हे पत्र मुद्दाम तुझ्या नावाने, व्हरांड्याच्या पत्त्यावर पाठवतेय. काकांना दाखवू नकोस.

काकांनी बैठक मोडली. तीन ओळींचं पत्र. खाली ‘तुझा काका’ सुद्धा नाही, नुसतं ‘महिपती’. ‘कारण तुला माहीत आहे’ म्हणे. माहीत आहेच गं. मुलगा आपल्यातला नाही. काका आपल्या समाजाचं मंडळ चालवतात, लोकांच्या मुलामुलींची लग्नं जमवतात, आणि त्यांच्याच घरातली मुलगी नारायण पेठेत! लोक काय म्हणतील, हे त्यांच्या मनात आलं असेल तर मी त्यांना दोष तरी कसा देऊ? आयुष्यभर ताठ मानेने राहिलेला माणूस आहे.

गंमत बघ, आता साइट चालू असणार. ती ओळ बदलली म्हणजे पान दिसणार. रोज कॅफेपर्यंत जाते, नाव अर्धं टाइप करते आणि उठून येते. महिनाभर ते पान दिसत नाही म्हणून रडत होते, आता दिसेल म्हणून भीती वाटते. काकांनी लिहिलेलं ‘नाही’ वाचवणार नाही मला.

अवधूतच्या बाबांना काही तरी थाप मारली, काकांचे गुडघे दुखतात म्हणून. ते म्हणाले, ‘आमचेही दुखतात, सावकाश या.’ चांगली माणसं आहेत गं. मी काय करू?

तुझी,
चैताली


बिबवेवाडी
१५ जुलै २००५

चैताली, माझ्या बाळा,

तुझं पत्र वाचलं आणि आधी रडले, मग इतकी हसले की शेजारची मुक्ताई विचारायला आली. तुम्ही दोघं काका-पुतणी शिकलेली माणसं, पण डोक्याने सारखीच.

अगं वेडे, गुडघे नाहीत आणि समाजही नाही! तू लिहिलंस ना, सर्व्हर रात्रंदिवस चालू ठेवावा, आणि खाली सही ठोकलीस? आणि यांची ती पाटी, चालू यंत्र सोडून जाऊ नये. आता तूच सांग, हा माणूस घराबाहेर पडेल कसा? बंद करायचं नाही हा तुझा हुकूम, आणि चालू सोडायचं नाही हा कारखान्याचा. मधल्या मध्ये आमचे हे अडकले. खाट त्या खोलीत नेली. जेवण त्या खोलीत. आंघोळीला जायचं तर रंगनाथ भाऊजींना बोलावून स्टुलावर बसवतात, ‘मी आल्याशिवाय उठायचं नाही’ म्हणून बजावतात. विहारातली माणसं विचारायला आली, महिपतराव आजारी आहेत का? मी म्हटलं, आजारी नाहीत, ड्युटीवर आहेत.

लाइट जाते तेव्हाच काय ती यांची सुट्टी. लोक लोडशेडिंगला शिव्या घालतात, आणि आमचे हे चपला पायात सरकवून तयार. तेवढ्या वेळात दाढी, भाजी, पेन्शनचं काम, आणि धापा टाकत परत. लाइट आली की पुन्हा खुर्चीत. नारायण पेठेत जाऊन बोलणी करायला लाइट किती वेळ जाईल, याचा अंदाज करत होते परवा! मी म्हटलं, फोन करून पोरीला सांगा की. तर म्हणाले, ‘आदेश तिचा आहे, तिला माहीत आहे. बदलायचा असेल तर ती लेखी बदलेल.’ आणि पत्रात लिहिताना ते एवढंच लिहून बसले. हात टेकले मी.

आणि रागावलेत ते वेगळ्याच गोष्टीवर. ‘पान लिहून एवढे दिवस झाले, पोरीने वाचलं का, आवडलं का, एका शब्दाने कळवलं नाही’ म्हणून. तोंड बघायचं होतंस त्यांचं.

मी काल त्या खोलीत गेले. हो, गेले. तुझ्यासाठी गेले. ते पान वाचलं. काय लिहिलंय ते मी सांगणार नाही, ते तुझं आहे. पण पत्र खाली ठेव, चपला घाल, आणि ऊठ आत्ताच्या आत्ता.

तुझी,
काकू (कुसुम)


हैदराबाद
२० जुलै २००५

ती. काकांस,

पान उघडलं. पहिल्याच फटक्यात उघडलं. वाचलं. हे मी उतरून घेतलंय, कारण मला ते जवळ ठेवायचंय:

‘जाहीर निवेदन. माझी मुलगी चि. चैताली हिने आपला जोडीदार स्वतः निवडला आहे. मुलाचे नाव अवधूत. या कामी मंडळाची कोणतीही मदत घेतलेली नाही, यावरून मुलीची कुवत लक्षात यावी. मुलगा कोणत्या समाजाचा ही चौकशी करू नये. माणसाचा आहे. संचालकाची या लग्नास संपूर्ण संमती आहे. हरकत असल्यास संचालकास समक्ष भेटावे. वेळ सकाळी अकरा ते एक. हरकत ऐकून घेतली जाईल. उपयोग होणार नाही. लग्नाची तारीख:’

आणि पुढे मोकळी जागा.

काका, मी कॅफेत सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले. कॅफेवाल्याने पंख्याचा वेग वाढवला आणि पाणी आणून दिलं. ‘मॅडम, नापास?’ म्हणाला. मी म्हटलं, ‘नाही हो, पास. पहिल्या वर्गात पास.’ तुम्ही ‘पुतणी’ लिहिलं नाहीत. ‘माझी मुलगी’ लिहिलंत. आणि बुद्ध जयंतीपासून ते तिथे होतं! मी मात्र तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं, ते लिहायचीही लाज वाटते. तुम्ही मला ओळखून होतात, मीच तुम्हाला ओळखलं नाही.

आता हे वाचा, आणि पाटीखाली चिकटवा.

आदेश. सर्व्हर हे यंत्र फिरतं पातं नाही, भट्टी नाही, त्यात दारूगोळा नाही. ते एकटं राहावं म्हणूनच बनवलेलं आहे. सबब ‘चालू यंत्र सोडून जाऊ नये’ या नियमातून सर्व्हरला वगळण्यात येत आहे. श्री. महिपती यांनी दि. ३१ जुलै रोजी सर्व्हर चालू ठेवून, दाराला कुलूप लावून, सपत्नीक नारायण पेठेत यज्ञेश्वररावांकडे चहाला जावे. मागे वळून बघू नये.

(सही) चैताली, सॉफ्टवेअर इंजिनिअर
(सही) अवधूत, साक्षीदार

मी त्या दिवशी येऊ शकत नाही, ऑफिसात नवं काम सुरू होतंय, रजा नाही. तुम्ही आहात म्हणजे मी आहेच.

तुमची मुलगी,
चैताली


बिबवेवाडी
१ ऑगस्ट २००५

चि. चैताली,

मुद्दा आधी. बैठक झाली. होकार आहे. दोन्ही बाजूंचा.

आता तपशील. आदेश मिळाला, पाटीखाली चिकटवला. साक्षीदाराची सही बघितली. अक्षर स्वच्छ आहे, खाली उगाच फराटे ओढलेले नाहीत. मुलगा बरा वाटतो.

काल निघताना त्या खोलीत उभा राहिलो. हात आपोआप मेन स्विचकडे गेला. तुझी काकू दारात नवी साडी नेसून उभी होती, म्हणाली, ‘आदेश वाचू का मोठ्याने?’ हात मागे घेतला. कुलूप लावलं. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि एकदा मागे बघितलं. तेवढं आदेशाचं उल्लंघन झालं, नोंद असावी.

रिक्षात माझं कशात लक्ष नव्हतं. नारायण पेठेत तिसरा मजला, जिन्यात पाटी: ‘बेल एकदाच वाजवावी. आम्ही बहिरे नाही.’ मी म्हटलं, घर चांगलं दिसतंय. यज्ञेश्वरराव दार उघडून पहिलं काय म्हणाले असतील? ‘गुडघे कसे आहेत?’ मी म्हटलं, ‘कोणाचे?’ तुझ्या काकूने माझ्या पायावर पाय दिला. तुझी थाप मी तेव्हाच ओळखली, त्याबद्दल नंतर बोलू.

अवधूतच्या आई, उल्काताई, चहा आणि थालीपीठ घेऊन आल्या. बोलणं सुरू झालं, पण मी खुर्चीच्या कडेवर. मनात एकच, घरी कोणी नाही आणि यंत्र चालू आहे. शेवटी यज्ञेश्वररावांनी विचारलंच, ‘काही अडचण आहे का? आमच्याबद्दल काही?’ मग मी सगळं सांगितलं. पाटी, आदेश, रंगनाथचं स्टूल. ते हसले नाहीत. उठले, आतल्या खोलीत त्यांचा कॉम्प्युटर होता तिथे मला घेऊन गेले, आणि म्हणाले, ‘बघू या की तुमचं यंत्र काय करतंय ते.’

त्यांनी नाव टाइप केलं. पान उघडलं.

चैताली, मी ते पान रोज बघत होतो, पण नेहमी त्याच खोलीत, त्याच खुर्चीवर बसून. काल पहिल्यांदा बाहेरून बघितलं. घराला कुलूप, मी तीन मजले वर दुसऱ्याच्या घरात, कोणी जवळ नाही, आणि माझं पान सांगत होतं, ‘माझी मुलगी चि. चैताली’. कोणी न सांगता सांगत होतं. चष्मा काढून पुसला. यज्ञेश्वररावांनी सगळं मोठ्याने वाचलं, उल्काताईंना ऐकू जावं म्हणून. ‘माणसाचा आहे’ इथे जरा थांबले, माझ्याकडे बघितलं, मान हलवली. आणि ‘हरकत ऐकून घेतली जाईल, उपयोग होणार नाही’ इथे त्यांना असं हसू फुटलं की खोकला आला. म्हणाले, ‘महिपतराव, हे वाक्य आमच्या जिन्यात लावायची परवानगी द्या.’ मी म्हटलं, लेखी अर्ज करा. त्यांनी खरोखरच कागद घेतला.

त्यानंतर मी खुर्चीत मागे टेकून बसलो. दुसरं थालीपीठ घेतलं. निघायची घाई केली नाही. तुझी काकूच म्हणाली, ‘चला आता, त्यांना जेवायचं असेल.’

घरी आलो तेव्हा यंत्र चालू होतं. जसं सोडलं तसं. काकू म्हणाली, ‘एकटं राहता येतं ना त्याला? मग एवढी खोली कशाला?’ सर्व्हर आता कपाटावर ठेवला आहे. शिलाई मशीन मधल्या खोलीत परत आलं आणि चहा पुन्हा टेबलावर मिळू लागला. पाटी काढलेली नाही, ती आता शिलाई मशीनच्या वर आली आहे. त्या मशीनला ती लागू आहे असं काकूला सांगितलं, तर म्हणाली, ‘मला नियम सांगू नका, मी चाळीस वर्षं पायाने थांबवतेय.’ आज संध्याकाळी मी विहारात जाऊन आलो. यंत्र चालू होतं. मागे वळून बघितलं नाही.

एक काम राहिलं आहे. पानावर तारखेची जागा मोकळी आहे आणि लोक विचारू लागलेत. तारीख कळव. तोंडी चालणार नाही. कागदावर, सहीनिशी, आणि सह्या दोन हव्यात.

तुझा बाप,
महिपती